मोॲब, युटा: एका गिऱ्हाइकावर वाढलेलं गाव

आधी आकडे सांगतो, मग गोष्ट. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मोॲब. १९५० च्या जनगणनेत माणसं १,२७४. १९६० ला ४,६८२. १९८० ला ५,३३३. १९९० ला ३,९७१. आणि २०२० ला ५,३६६. म्हणजे दहा वर्षांत गाव साडेतीन पटीच्या वर फुगलं, नंतर एका दशकात चौथा हिस्सा रिकामं झालं, आणि आता पुन्हा भरलंय पण १९८० च्या मानाने फक्त ३३ माणसं जास्त. आणि याच गावाच्या वेशीवर जे आर्चेस नॅशनल पार्क आहे तिथे २०२१ या एका वर्षात १८ लाखांवर लोक येऊन गेले. हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हापासून हे गाव डोक्यातून जात नाहीये.

मी डेन्व्हरला राहतो, मोॲब तिथून साधारण साडेपाच तास. इकडच्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी मोॲब पाहिलेलं असतं, भारतातून आई-बाबा आले की युटाची पाच पार्कं दाखवायची ट्रिप ठरलेलीच, त्यात दोन रात्री मोॲबला मुक्काम, सकाळी लवकर उठून डेलिकेट आर्च ही प्रसिद्ध दगडी कमान, डब्यात ठेपले नाहीतर दशम्या, आणि परत. मीही तेच केलं पहिल्या दोन वेळेला. तिसऱ्यांदा हॉटेलच्या रिसेप्शनवर बसलेल्या बाईंशी बोलणं निघालं तर त्या रोज माँटिसेलोहून येतात म्हणाल्या, ५० मैलांवर असलेलं, अजून उंचावरचं दुसरं गाव, हिवाळ्यात बर्फातून. का, तर मोॲबमध्ये भाड्याने घर परवडत नाही. मला ते लागलं. मग मी या गावाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो, म्युझियममध्ये दोन दुपारी घालवल्या, आणि हे लिहायला घेतलं.

तर गाव इथेच का वसलं? बाकीच्या पश्चिम अमेरिकेसारखंच उत्तर, पाणी आणि वाट. पण इथे त्यात एक वेगळी भानगड आहे. कोलोराडो नदी या भागात शेकडो मैल वाहते ती खोल दगडी घळीतून, दोन्ही बाजूंना सरळ कडे, खाली उतरायलाच जागा नाही. मोॲबच्या खोऱ्यात मात्र कडे बाजूला होतात आणि नदी खोरं लांबीने न जाता आडवी ओलांडते, एका भिंतीतून आत येते समोरच्या भिंतीतून बाहेर जाते. याचं कारण जमिनीखालचं मीठ. करोडो वर्षांपूर्वी इथे समुद्र आटून मिठाचे जाडजूड थर साठले, वर दगडांचं ओझं आलं तसं ते मीठ दाबाखाली सरकून फुगलं, पुढे पाण्याने विरघळलं आणि वरचा दगड खचून हे लांबट खोरं तयार झालं. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

म्हणून सँटा फे ते लॉस एंजेलिस हा जुना स्पॅनिश व्यापारी मार्ग नदी ओलांडायला इथेच उतरायचा. त्याच्याही आधीपासून यूट या मूळ अमेरिकन लोकांची ही वाट होती, आणि हे खोरं त्यांचंच होतं, युटा हे राज्याचं नावच त्यांच्यावरून पडलंय. हे स्पष्ट सांगायला हवं कारण बऱ्याच ठिकाणी गोष्ट सुरू होते ती "इथे कोणी नव्हतं" अशी.

१८५५ मध्ये मॉर्मन चर्चने, म्हणजे युटात वस्ती केलेल्या ख्रिस्ती पंथाने, ४१ माणसं इकडे पाठवली. त्यांनी दगडी किल्ला बांधला, मका वगैरे पेरला, काही यूटांचा बाप्तिस्माही केला. उन्हाळा बरा गेला पण सप्टेंबरमध्ये संघर्ष पेटला, पिकांवरून कुरबुरी आधीच चालू होत्या, तीन मॉर्मन मारले गेले आणि उरलेले सगळं तिथेच टाकून निघून गेले. म्हणजे पहिली वसाहत एका हंगामात संपली. त्यानंतर वीसेक वर्षं परत कोणी नाव काढलं नाही.

१८७७ ला त्या पडक्या किल्ल्यात येऊन राहिला विल्यम ग्रँडस्टाफ नावाचा कृष्णवर्णीय माणूस, बरोबर सापळे लावून शिकार करणारा एक कॅनेडियन, ज्याला सगळे फ्रेंची म्हणायचे. ग्रँडस्टाफने थोडी जनावरं राखली, जवळच्या एका घळीत ती चरायला न्यायचा. १८८१ मध्ये इथे गोरे वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात मोठी चकमक झाली, वातावरण तापलेलं होतं, त्यात ग्रँडस्टाफवर आदिवासींना दारू विकल्याचा आळ आला आणि तो गाव सोडून गेला. त्या घळीला त्याचं नाव राहिलं पण कसं, तर आधी एक वर्णद्वेषी शिवी जोडून, मग ती जरा सौम्य करून, आणि २०१७ मध्ये जाऊन कुठे सरकारी नकाशावर ग्रँडस्टाफ कॅन्यन असं साधं नाव आलं. १४० वर्षं लागली एका माणसाचं नाव नीट लिहायला. यूट लोकांना तर याच काळात रिझर्व्हेशनवर, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या जमिनीवर, ढकलण्यात आलं, त्यांची वाट राहिली, ते नाही राहिले.

कायमची कुटुंबं आली ती १८७९ ते ८१ च्या आसपास. मॉर्मन शेतकरी होते आणि गुरं घेऊन आलेले इतरही होते, त्यामुळे हे गाव युटातल्या बाकी मॉर्मन गावांसारखं एकाच रंगाचं कधीच नव्हतं. १८८० च्या सुमाराला पोस्ट ऑफिस आलं तेव्हा बायबलमधलं मोॲब हे नाव दिलं गेलं. काही लोकांना ते अजिबात आवडलं नाही कारण बायबलमधले मोॲबवाले फारसे सज्जन नाहीत, १८९० मध्ये वाइना हे नाव द्या म्हणून अर्जही झाला, पण नाव टिकलं. त्याच वर्षी ग्रँड काऊंटी वेगळी झाली आणि मोॲब तिचं मुख्य ठिकाण झालं, आपल्याकडे तालुक्याचं गाव म्हणतो तसं. १९०२ मध्ये रीतसर नगरपालिका.

आता शेती. वर्षाला जेमतेम नऊ-दहा इंच पाऊस, समोर एवढी मोठी कोलोराडो नदी पण ती खाली आणि गढूळ आणि पुराच्या वेळी बेभरवशाची, तिचं पाणी वर चढवणं त्या काळात कुणाला जमण्यासारखं नव्हतं. गाव जगलं ते ला साल डोंगरातून येणाऱ्या मिल क्रीक आणि पॅक क्रीक या दोन ओढ्यांवर. डोंगर १२ हजार फुटांच्या वर, वर बर्फ साठतं, उन्हाळ्यात वितळून खाली येतं, ते पाटाने बागांना. पीच, सफरचंदं, द्राक्षं फार छान यायची कारण खोरं चार हजार फुटांवर आणि कड्यांमुळे उबदार. पण माल विकायचा कुठे हा प्रश्न. रेल्वे १८८३ मध्ये आली खरी पण ती गावात आलीच नाही, सुमारे ३५ मैल उत्तरेकडून गेली, थॉम्पसन स्प्रिंग्ज स्टेशनवरून. त्यामुळे फळं घोडागाडीत घालायची, नदी तरीने ओलांडायची आणि ३५ मैल धक्के खात न्यायची. नदीवर पूल झाला १९१२ मध्ये! तोपर्यंत गुरं आणि मेंढ्याच खरा आधार होत्या, कारण त्या स्वतःच्या पायांनी स्टेशनपर्यंत जातात.

असं पुढची चाळीस वर्षं गाव जास्तीत जास्त बाराशेच्या आसपास माणसांचं, शांत, गरिबीचं म्हणा हवं तर, पण स्वतःच्या पाण्यावर उभं होतं. १९२० च्या दशकात तेलासाठी बोअर मारले गेले, तेल फारसं हाती लागलं नाही पण खाली मीठ आणि पोटॅश आहे हे कळलं. गावच्या डॉक्टरांनी आणि पेपरच्या संपादकांनी दगडी कमानींसाठी पाठपुरावा केला आणि १९२९ मध्ये आर्चेसला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पण तिथे गाडी जाईल असा डांबरी रस्ता व्हायला १९५८ उजाडलं, त्यामुळे स्मारक झालं म्हणून गावाच्या पोटापाण्यात तेव्हा काही फरक पडला नाही. १९४९ नंतर हॉलिवूडवाले वेस्टर्न सिनेमांच्या शूटिंगला यायला लागले, गावातल्यांना घोडे भाड्याने देणं, गर्दीत उभं राहणं असं काम मिळायचं, ते हंगामी होतं.

मग युरेनियम.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं आणि देशातलं हवं होतं. अणुऊर्जा आयोगाने जाहीर केलं की आम्ही ठरलेल्या भावाने विकत घेऊ, नवीन मोठा साठा सापडला तर बोनस, खाणीपर्यंत रस्तेसुद्धा बांधून देऊ. कायद्याने दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, एकच गिऱ्हाईक, सरकार. तेवढ्यावर हजारो लोक गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, घेऊन या वाळवंटात उतरले, त्यात शिक्षक, सेल्समन, शेतकरी सगळे.

त्यातला चार्ली स्टीन. टेक्सासचा भूगर्भशास्त्रज्ञ, तेल कंपनीतून नोकरी गेलेली, बायको आणि चार लहान मुलगे घेऊन सिस्को नावाच्या रेल्वेच्या गावाजवळ डांबरी कागद मारलेल्या खोपटात राहायचा. गायगर काउंटर घ्यायलाही पैसे नव्हते. आयोगाच्या तज्ज्ञांचं मत होतं की युरेनियम शोधायचं ते वरवर दिसणाऱ्या कार्नोटाइट या पिवळ्या खनिजामध्ये. स्टीनचं म्हणणं वेगळं, तो तेलवाला होता, त्याला वाटलं की तेल जसं जमिनीच्या पोटातल्या घडीच्या कडेने साठतं तसं हेही खोलवर साठलेलं असणार. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. जुलै १९५२ मध्ये लिस्बन व्हॅलीत उसनवारीच्या ड्रिलने भोक पाडताना सुमारे २०० फुटांवर ड्रिल तुटलं, त्याआधी वर आलेल्या गाभ्यात काळा, डांबरासारखा दगड होता. त्याला तो ओळखूही आला नाही. परत येताना सिस्कोच्या पेट्रोल पंपावर मित्राचा गायगर काउंटर होता, सहज दगड धरला त्याच्यासमोर तर काटा पार टोकाला. पिचब्लेंड होतं ते, युरेनियमचं खनिज, अव्वल दर्जाचं. खाणीला नाव दिलं मी विदा, माझं आयुष्य.

मला या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो, आणि तो श्रीमंत झाला म्हणून नाही. त्याने स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि त्यासाठी उपाशी राहायची तयारी ठेवली. पैसा आल्यावर त्याने मोॲबच्या वर टेकडीवर मोठं घर बांधलं, दरवर्षी अख्ख्या गावाला पार्टी द्यायचा, राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. आणि १९६८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. टेकडीवरच्या त्या घराचं पुढे रेस्टॉरंट झालं. एकाच माणसाच्या आयुष्यात गावाचा सगळा आलेख दिसतो.

१९५६ मध्ये नदीकाठी, गावाच्या वायव्येला, युरेनियम शुद्ध करायचा कारखाना सुरू झाला, देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक, रोज दीड हजार टन दगड दळायची क्षमता. या कारखान्याने गावाचा चेहराच बदलला. फळबागा कापून प्लॉट पाडले, त्याआधी माणसं तंबूत आणि ट्रेलरमध्ये राहत होती, शाळा पुरेना, फोन पुरेना, गटारं पुरेनात. बाराशे माणसांसाठी केलेली व्यवस्था आणि आले साडेतीन हजार जादा. गावाने स्वतःचं वर्णन जगाची युरेनियम राजधानी असं करायला सुरुवात केली. लक्षात घ्या, इथे पहिल्यांदा गावाचा पाण्याशी संबंध तुटला. आधी ओढ्यात जेवढं पाणी तेवढी बाग आणि बाग तेवढी माणसं असं होतं, आता वॉशिंग्टनमध्ये ठरलेल्या भावावर किती माणसं राहणार ते ठरू लागलं.

याची किंमत खाणीतल्या कामगारांनी दिली. खाणींमध्ये रेडॉन वायू साठायचा, हवा खेळती ठेवायला पंखे लावायला हवे होते ते बऱ्याच ठिकाणी लावलेच नाहीत, धोका आहे हे सरकारी डॉक्टरांना माहीत असूनही कामगारांना नीट सांगितलं गेलं नाही. कोलोराडो पठारावर या खाणींत काम केलेल्या कित्येक माणसांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, त्यात नवाहो या मूळ अमेरिकन जमातीचे लोक खूप. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये, तोवर अनेक जण गेलेले होते. हे वाचताना मला राग येतो, अजूनही.

मध्येच पोटॅशची गोष्ट येते. खताला लागणारं पोटॅश मोॲबपासून नदीने थोडं खाली गेल्यावर जमिनीत खोल आहे, तेच मीठ जे मी वर लक्षात ठेवा म्हणालो. १९६० च्या सुरुवातीला तिथे खाण खोदली, त्यासाठी मुख्य रेल्वेमार्गापासून खास फाटा टाकला, म्हणजे ऐंशी वर्षांनी का होईना रूळ मोॲबच्या जवळ आले. २७ ऑगस्ट १९६३ ला खाणीत गॅसचा स्फोट झाला. २५ माणसं खाली होती, १८ गेली, ७ वाचली. पुढे १९७० मध्ये पद्धतच बदलली, माणसं खाली पाठवण्याऐवजी पाणी सोडून मीठ विरघळवायचं, वर पंप करायचं आणि उथळ तळ्यांत उन्हाने वाळवायचं. पाणी लवकर उडून जावं म्हणून त्यात निळा रंग घालतात. डेड हॉर्स पॉइंटवरून खाली लालभडक दगडात जी निळीशार तळी दिसतात आणि आपण सगळे ज्यांचे फोटो काढतो ती हीच. ते काम अजून चालू आहे, फार माणसं लागत नाहीत, पण सहा दशकं टिकलंय.

युरेनियमचं तसं नाही झालं. सरकारने गरजेपुरता साठा केला आणि १९७० मध्ये खरेदी बंद. मग काही वर्षं वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांची मागणी होती, त्यावर दुसरी भरती आली, १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला, नव्या भट्ट्यांचे बेत रद्द होत गेले, भाव कोसळला आणि १९८४ मध्ये कारखाना बंद झाला. लोक गेले. घरांवर विकणे आहेच्या पाट्या. सुरुवातीला दिलेले आकडे परत बघा, ५,३३३ वरून ३,९७१. काऊंटी पातळीवर ८,२४१ वरून ६,६२०. गावातली परिस्थिती इतकी वाईट की सिस्कोजवळ घातक रासायनिक कचरा जाळायचा कारखाना आणायचा प्रस्ताव आला, नोकऱ्या मिळतील म्हणून. १९८८ मध्ये लोकांनी मत देऊन तो नाकारला. माझ्या मते या गावाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा निर्णय, कारण हा एकच असा निर्णय जो बाहेरच्या गिऱ्हाइकाने नाही, पोट खपाटीला गेलेलं असताना गावाने स्वतः घेतला.

तोवर सायकली आल्या होत्या. दिसायला गुळगुळीत पण खडबडीत असा वाळूच्या दगडाचा उघडा माळ गावाच्या डोक्यावर आहे, त्याला स्लिकरॉक म्हणतात कारण घोड्याची लोखंडी नाल त्यावर सटकते. १९६९ मध्ये तिथे मोटरसायकलवाल्यांसाठी दहाएक मैलांची वाट आखली होती, दगडावर पांढरे पट्टे मारून. रबरी टायर मात्र त्या दगडाला अक्षरशः चिकटतो. १९८३ मध्ये ग्रॉफ भावांनी गावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हा माउंटन बाइक ही चीजच नवीन होती. दोन-तीन वर्षांत सायकलच्या मासिकांत फोटो आले आणि मग जे सुरू झालं ते सगळ्यांना माहिती आहे. जीपवाल्यांची ईस्टर सफारी १९६७ पासून होतीच. कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क १९६४ चं, आर्चेसला पार्कचा दर्जा १९७१ चा. म्हणजे सगळं सामान वीस वर्षं तयार पडलेलं होतं, खाणी चालू होत्या तोपर्यंत त्याच्याकडे पोटापाण्याचं साधन म्हणून कोणी फारसं बघितलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे यशोगाथा म्हणून सांगतात, खाण मेली पर्यटन आलं गाव वाचलं. खोटं नाही ते. पण गावात राहणाऱ्याच्या बाजूने बघा.

पहिली अडचण जमीन. ग्रँड काऊंटीतली बहुतेक जमीन केंद्र सरकारची, काही राज्याची, खाजगी जेमतेम शंभरात चार-पाच हिस्से. म्हणजे नकाशावर कितीही मोकळी दिसली तरी घर बांधायला जागा फक्त त्या अरुंद खोऱ्यात. त्याच जागेवर हॉटेल होऊ शकतं, त्याच जागेवर आठवड्याच्या सुट्टीला येणाऱ्यासाठी रात्रीच्या भाड्याचं घर होऊ शकतं, आणि त्याच जागेवर शाळेतल्या शिक्षकाचं घर व्हायला हवंय. तिघांत सगळ्यात कमी पैसे कोण देऊ शकतं हे सांगायला नको. त्यामुळे वेटर, राफ्टिंगचे गाइड, नर्सेस, हॉटेलात खोल्या आवरणारे, हे गाडीत झोपतात, मित्राच्या आवारात ट्रेलर लावून राहतात, नाहीतर माँटिसेलोहून येतात. २०१९ मध्ये शहर आणि काऊंटी दोघांनीही नवीन हॉटेलं आणि रात्रीच्या भाड्याच्या घरांना परवानग्या थांबवल्या. एवढ्या छोट्या गावाने पर्यटनाला थांब म्हणणं सोपं नव्हतं, पण तोवर बरीच जमीन गेलेली होती, आणि १९५० च्या दशकात बागा कापल्या तेव्हा जशी घाई झाली तशीच इथेही पंचवीस वर्षं घाई झाली होती असं मला वाटतं.

दुसरी अडचण पैसा कुठे जातो ही. हॉटेलच्या खोलीवर कर असतो, तो गोळा होतो भरपूर, पण राज्याच्या कायद्यानुसार त्यातला ठरावीक भाग पर्यटनाच्या जाहिरातीवरच खर्च करायची सक्ती बरीच वर्षं होती. राज्याने २०१३ पासून पाच पार्कांची मोठी मोहीम चालवली, ती जबरदस्त चालली, आपली ट्रिपसुद्धा त्यातूनच ठरते. गर्दी इतकी झाली की आर्चेसचं गेट सकाळीच बंद करावं लागायचं, म्हणून २०२२ मध्ये वेळेचं तिकीट आधी काढायची पद्धत आणली. कचरा, सांडपाणी, डोंगरात अडकलेल्यांची सुटका, पोलीस, हे सगळं मात्र पाच हजार माणसांच्या गावाने बघायचं. २०२० च्या मार्चमध्ये कोविड सुरू झाला तेव्हा गावच्या १७ खाटांच्या हॉस्पिटलने सरकारला कळवलं की पर्यटक थांबवा, आमच्याकडे आयसीयू नाही, आणि काही दिवसांतच हॉटेलं बाहेरच्यांसाठी बंद झाली. रस्ते रिकामे झाले. किती लोकांसाठी हे गाव खरंच बनलंय ते त्या १७ खाटांवरून कळतं.

पाणीही परत आलंच. २० ऑगस्ट २०२२ ला ला सालच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि मिल क्रीकचा लोंढा मेन स्ट्रीटवर. ज्या ओढ्यावर गाव वसलं तो गावाच्या मधूनच जातो हे नवीन आलेल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

आणि आता तो ढिगारा. युरेनियमच्या कारखान्याने २८ वर्षांत दळून उरलेला किरणोत्सारी चुरा नदीच्या काठावर टाकला होता, १ कोटी ६० लाख टन, सुमारे १३० एकरांवर पसरलेला, नदीच्या पात्रापासून साडेसातशे फुटांवर, खाली कसलंही अस्तर नाही. त्यातून अमोनिया आणि युरेनियम झिरपून नदीत जात होतं, आणि याच नदीचं पाणी खाली ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्नियात कोट्यवधी लोक पितात. मालक कंपनीने १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सुरुवातीचा बेत होता वरून माती टाकून जागेवरच झाकून ठेवायचं. गावातले लोक, खालच्या राज्यांतले लोक भांडले, एक मोठा पूर आला तर काय हा साधा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २००१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा खात्याकडे जबाबदारी आली, २००५ मध्ये ठरलं की सगळा ढीग उचलून ३० मैल उत्तरेला क्रेसेंट जंक्शनला न्यायचा, नदीपासून लांब, आणि तिथे पुरायचा. २००९ च्या एप्रिलमध्ये पहिली गाडी निघाली.

ती गाडी कुठल्या रुळांवरून जायची तर पोटॅशच्या खाणीसाठी टाकलेल्या त्याच फाट्यावरून. झाकण लावलेले लोखंडी डबे, एकामागे एक. आर्चेसच्या गेटसमोर रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असायची आणि पलीकडच्या उतारावरून ही मालगाडी जायची, मी स्वतः पाहिलीय, रांगेतलं कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं, त्या दिवशी माझे बाबा बरोबर होते त्यांनी विचारलं की काय नेतात यातून, मला तेव्हा सांगता आलं नव्हतं.

ढीग हलवल्याने नदीकाठची सपाट जमीन मोकळी होते, ४८० एकरांच्या त्या आवारातली, हायवेला लागून, रूळ शेजारी, पार्क पलीकडे. मोॲबला जी गोष्ट कधीच पुरली नाही नेमकी तीच. काऊंटीने तिथे काय करायचं यासाठी समिती नेमून लोकांची मतं घेतली, काही जणांना बाग हवीय, काहींना बस आणि रेल्वेचं ठाणं, काहींना या सगळ्याचं म्युझियम. जमिनीत काही शिल्लक राहिल्याने तिथे माणसांना राहायला घरं बांधता येतील का, ही शंका बैठकीत पुन्हा पुन्हा निघते. माँटिसेलोहून येणाऱ्या त्या बाईंना मी मागच्या वेळी हे विचारलं, तुम्हाला काय हवंय तिथे. त्या म्हणाल्या पार्किंग नको, बाकी काहीही.